पाड्याची परंपरा, पाड्याचं उत्पन्न: गावानं स्वतः कसं उभं करायचं

हे लिहितोय ते पालघर, नाशिक, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली अशा भागातल्या पोरापोरींसाठी, ज्यांना रोज वाटतं की आपल्याकडं चित्र आहे, फुंकून वाजवायचा तारपा आहे, मुखवटे घालून नाचायचा बोहाडा आहे, बांबूकाम आहे, रानभाज्या आहेत, मग दिवाळी झाली की पैशासाठी अख्खं घर उचलून वीटभट्टीवर नाहीतर गुजरातला ऊसतोडीला का जायचं. प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरही आहे, पण ते "मार्केटिंग करा, इन्स्टावर टाका" एवढं सोपं नाही. परंपरेवर पैसा आजही निघतोच, वारली चित्रातली माणसं कपावर, पडद्यावर, हॉटेलच्या भिंतीवर, मोबाईलच्या कव्हरवर सगळीकडं दिसतात, त्यातला पाड्यावर किती येतो ते आपल्याला माहीत आहे. म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे, की काय द्यायचं, कोणाला द्यायचं, केवढ्याला द्यायचं हे ठरवायची जागा गावातच राहिली पाहिजे. खाली जे काही सांगतोय ते सगळं त्यासाठीच.

आधी ठरवा काय विकायचं नाही

बरेच गट सुरुवात करतात ती प्रॉडक्टच्या यादीनं. तसं करू नका. आधी जुन्या माणसांबरोबर बसा, आज्यांबरोबर तर नक्की बसा कारण बरंचसं त्यांच्याकडंच असतं, आणि आपल्याकडं काय काय आहे ते सगळं बोलून काढा. वस्तू, गाणी, नाच, सण, औषधं, बियाणं, पदार्थ, गोष्टी, कारागिरी. मग प्रत्येकापुढं तीनपैकी एक खूण करायची: हे विकायला हरकत नाही, हे पाहुण्याला बघता येईल पण विकायचं नाही, आणि हे बाहेर न्यायचंच नाही.

वारलीचंच घ्या. लग्नाचा चौक मूळचा घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी लिहायच्या, मधे पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणायची तेव्हा ते लग्न लागायचं. ही पूजा आहे. कागदावर आणि कापडावर विकायचं चित्र त्या मानानं नवं, १९७० च्या दशकात ते सुरू झालं, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशेंनी ते जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता तारप्याचा फेर, भातलावणी, शिकार, वरात हे चित्रात विकायला बहुतेक कोणाचीच ना नसते. चौक आणि देवी विकायची का, ह्यावर मात्र घराघरात वेगळं मत असतं, काही कलाकार काढतात, काही म्हातारी माणसं नको म्हणतात. मी इथं बसून त्याचं उत्तर देणार नाही, ते तुमच्या पाड्यानं द्यायचं, पण ऑर्डर येण्याच्या आधी द्यायचं. ऑर्डर समोर असली आणि पैसे दिसत असले की शांतपणे विचार होत नाही.

बोहाड्याचंही तसंच आहे. जव्हार, मोखाड्याकडं जे मुखवटे नाचवले जातात त्यांचा मान ठरलेल्या घरांकडं असतो, त्यांची पूजा होते. नाचलेला, पुजलेला मुखवटा विकायचा नाही आणि विक्रीसाठी वेगळा नवा मुखवटा करायचा, एवढी एक रेष आखली तरी मुखवटे करणाऱ्याला काम मिळतं आणि देव घरात राहतो. नवा मुखवटा मुद्दाम थोडा लहान केला किंवा मागं गटाची खूण घातली की पुढं घोळ होत नाही.

ह्या बैठकीला दोनतीन वेळा बसावं लागतं. घाई करू नका, बायका बोलत नसतील तर त्यांची बैठक वेगळी घ्या. वारलीच्या बाबतीत तर मूळ चित्र बायकांचं आणि बाजारात नाव जास्त पुरुषांचं झालंय, हे आपल्याला खटकलं पाहिजे.

मग ग्रामसभेचा ठराव

बैठकीत ठरलं ते कागदावर आलं नाही तर उद्या नवीन एजंट आला की परत पहिल्यापासून सुरू. कागद म्हणजे ग्रामसभेचा ठराव. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात असेल (महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत असे भाग आहेत) तर १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या, कायद्यानं ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनं जपायचा अधिकार दिलेलाच आहे, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ ला आले. त्या नियमांत अजून एक कामाची गोष्ट आहे, मोठ्या महसुली गावातला तुमचा पाडा वेगळा असेल तर तो स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतो आणि मग तुमची स्वतःची ग्रामसभा होते. ज्यांची ग्रामपंचायत दहा पाड्यांची आहे त्यांनी हे नक्की बघा, कारण दहा पाडे एका बैठकीला जमत नाहीत आणि मग दोनचार जणच सह्या करून मोकळे होतात.

ठराव लांबलचक नको. कोणत्या गोष्टी विक्रीला, कोणत्या नाहीत, बाहेरच्या माणसानं शूटिंग, रेकॉर्डिंग, औषधाची माहिती ह्यासाठी कोणाकडं अर्ज करायचा, पैसे कोणत्या खात्यात, हिशोब कधी वाचायचा. एवढं पुरे. तारीख, हजेरी, सह्या आणि अंगठे नीट घ्या, दोन प्रती काढून एक ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.

ग्रामसभा नीट चालली तर काय होतं ते बघायचं असेल तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघून या. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा, आणि तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो, त्याआधी अभ्यासगटात विषय चघळला जातो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ पासून ते स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकायला लागले. लोक म्हणतील हा बांबूचा धंदा आहे, परंपरेचा काय संबंध. मला उलट वाटतं. एकत्र बसून ठरवायची जी गोंडांची जुनी रीत, तीच तिथं कामाला आली, जंगल नंतर मिळालं.

आणि हो, सामूहिक वनहक्काचा दावा तुमच्या गावानं केला नसेल तर कलेच्या धंद्याच्या आधी तो करा. बांबू, कारवी, मोह, पळसाची पानं, तारप्याला लागणारं मेण, सगळं जंगलातून येतं. कच्च्या मालासाठी दर वेळी कोणाची तरी परवानगी मागायची असेल तर धंदा उभा राहत नाही. वनहक्क कायद्याच्याच कलम ३ मध्ये जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा गावाचा सामूहिक हक्कही लिहिलेला आहे, दावा भरताना बरेच जण तो रकाना सोडून देतात, सोडू नका.

गट कसा बांधायचा

इथं फार डोकं लावू नका. दहापंधरा जणींचा बचत गट उमेदमध्ये (राज्याच्या जीवनोन्नती अभियानात) असेल तर त्यावरच सुरू करा. माल वाढला की वनधन केंद्राचा पर्याय आहे, त्यात साधारण २० जणांचे १५ गट म्हणजे ३०० माणसं एकत्र येतात आणि केंद्र सरकारकडून १५ लाखांपर्यंत मदत बसते, ही योजना मुख्यतः वनोपजासाठी आहे. त्याहून मोठं झालं तर उत्पादक कंपनी, तिला किमान १० उत्पादक सभासद लागतात, पण ऑडिट, सीए, दर वर्षीची कागदपत्रं हे सगळं आलं, ते सांभाळणारं माणूस गावात नसेल तर कंपनी काढू नका. कागदावरच्या कंपन्या आपल्या भागात खूप झाल्यात.

बँकेत खातं गटाच्या नावानं, सही तिघांची, त्यात निदान दोन बाया. यूपीआयचा क्यूआर पण गटाच्याच खात्याचा. कोणा एका पोराच्या फोनवर पैसे येत राहिले की पोरगा कितीही चांगला असला तरी सहा महिन्यांत गावात संशय सुरू होतो, आणि मग ना पोरगा टिकतो ना गट.

किंमत: इथंच सगळे मार खातात

आपली माणसं किंमत सांगताना दिवस धरतच नाहीत. कापड केवढ्याचं, रंग केवढ्याचा, वर थोडे सुटले म्हणजे झालं, असा हिशोब. तो मोडायचा.

समजा दोन फुटी चित्राला एका बाईचे तीन दिवस गेले. दिवसाची मजुरी ६०० धरली, म्हणजे १,८००. कापड, रंग, गेरू २००. पॅकिंग आणि तालुक्यापर्यंत नेणं १५०. झाले २,१५०. त्यावर गटासाठी दहा टक्के, २१५. म्हणजे साधारण २,४०० च्या खाली हे चित्र गटातून बाहेर पडलं तर तुम्ही पदरचे पैसे घालताय. आता हेच चित्र शहरातल्या दुकानात गेलं तर दुकानदार विक्रीच्या किमतीतले समजा ४० टक्के ठेवतो, मग तिथं किंमत ४,००० लागली पाहिजे म्हणजे तुमच्या हातात २,४०० येतील. तुम्ही स्वतः प्रदर्शनात विकताना पण ४,००० च्या आसपासच विका. २,४०० ला विकलंत तर दुकानदार पुढची ऑर्डर देणार नाही, आणि प्रदर्शनातला स्टॉल, प्रवास, राहणं, जेवण हे सगळं जे तुमच्या अंगावर पडतं ते निघायचं कुठून.

मजुरी किती धरायची ह्यावर गटात भांडण होईल, होऊ द्या. हात चांगला बसलेल्या आजीची आणि शिकणाऱ्या पोरीची मजुरी सारखी नको, दोन किंवा तीन दर्जे करा आणि कोण कुठल्या दर्ज्यात ते गटानंच ठरवा.

मोठी ऑर्डर असेल तर अर्धे पैसे आधी. सॅम्पल फुकट नाही. "आत्ता सॅम्पल द्या, पुढं हजारची ऑर्डर आहे" हे ऐकून कितीतरी जणींनी रात्र रात्र जागून कामं केलीत आणि तोच सॅम्पल पुढं मशीनवर छापून आला. सॅम्पलचे पैसे घ्या आणि त्यावर सही आणि तारीख टाकून फोटो काढून ठेवा. खरा गिऱ्हाईक ह्याला नाही म्हणत नाही.

अजून एक, स्वस्त करायच्या नादात काम बिघडवू नका. कोस्टर, किचेन, बुकमार्क हे लहान सामान पर्यटकाला ठीक आहे, त्यावर नवीन पोरी शिकतात, पण अख्खा गट त्यातच अडकला की चांगला हात दोन वर्षांत मोडतो. वर्षाला काही मोठी, सावकाश केलेली चित्रं गटानं मुद्दाम काढायची, ती लगेच विकली गेली नाहीत तरी चालेल.

सही करायच्या आधी कागद वाचा

आता डिझायनर, कंपन्या, स्टुडिओ थेट पाड्यावर येतात. वाईटच असतात असं नाही, काही फार नीट वागतात. पण कागद काय म्हणतो ते बघायचंच.

चित्र विकणं वेगळं आणि चित्र छापायचा हक्क देणं वेगळं. तुम्ही काढलेल्या चित्राचा कॉपीराइट तुमचा, १९५७ चा कायदा आहे, तुम्ही असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं तो तुमच्या घराकडं राहतो, त्याला नोंदणी लागतेच असं पण नाही. कोणी चित्र विकत घेतलं म्हणजे ते साडीवर छापायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. तो हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. लेखीमध्ये मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि कुठं वापरणार ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून कंपनीचे वकील मुद्दाम "कायमस्वरूपी" आणि "जगभर" असे शब्द घालून आणतात. हे दोन शब्द दिसले की थांबायचं, घरी नेतो म्हणायचं, आणि गटात वाचायचं. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, मराठी मिळेपर्यंत सही नाही.

त्या जागी काय लिहून घ्यायचं: कोणतं चित्र, कशावर छापणार, किती नग, किती वर्षं, एकरकमी किती आणि प्रत्येक विक्रीवर किती टक्के, मालावर कलाकाराचं आणि गावाचं नाव कुठं येणार. नावाचा मुद्दा पैशाएवढाच धरून ठेवा. नाव छापलं की पुढचं गिऱ्हाईक थेट तुमच्याकडं येतं.

शूटिंग, रील, डॉक्युमेंटरीवाल्यांनाही हेच. नाचाचं रेकॉर्डिंग करून नेलं की ते कुठं कुठं वापरलं जाईल ते आपल्याला कळत नाही, म्हणून आधी लेखी, फी गावाच्या खात्यात, आणि तयार झालेल्या व्हिडिओची एक प्रत गावाला. ही प्रत फार कामाची असते, पुढं पोरांना शिकवायला तीच वापरता येते.

जीआय म्हणजे काय आणि काय नाही

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, ह्याबद्दल आपल्याकडं खूप गैरसमज आहेत. वारली चित्रकलेला जीआय आहे, पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी युवा सेवा संघाच्या पुढाकारानं तो मिळाला. पण अनेकांना वाटतं की आता कोणी वारलीसारखं चित्र काढलं की केस टाकता येईल. तसं नाही. १९९९ च्या कायद्यात संरक्षण आहे ते नावाला. बाहेरच्या कोणी आपल्या मालावर "वारली" असं लिहून विकलं तर त्यावर हरकत घेता येते, पण नाव न घेता नुसती त्रिकोणाची माणसं छापली तर जीआय तिथं फारसा पोचत नाही. म्हणूनच वर कॉपीराइटचं एवढं लांबलचक सांगितलं, ज्या त्या कलाकाराच्या ज्या त्या चित्राला त्याचाच आधार.

दुसरं म्हणजे जीआय संस्थेच्या नावावर झाला तरी प्रत्येक कारागिरानं आपलं नाव "अधिकृत वापरकर्ता" म्हणून वेगळं नोंदवायचं असतं. हे होतच नाही. चेन्नईच्या रजिस्ट्रीकडं फॉर्म जीआय-३ भरायचा, त्याची फी २०२० च्या नियमदुरुस्तीत ५०० वरून १० रुपये केली गेली. गटातल्या सगळ्यांचे अर्ज एकदम भरा. जीआयची मुदत १० वर्षं असते आणि तो परत वाढवावा लागतो, ते लक्ष ठेवायचं काम ज्या संस्थेच्या नावावर तो आहे तिचं, पण विचारत राहायचं काम आपलं.

स्वतःच्या वस्तूसाठी नवा जीआय करायचा विचार असेल तर लगेच पळू नका. आधी माल आहे का, वर्षभर सारख्या दर्ज्याचा निघतो का, त्या नावानं गिऱ्हाईक मागतो का, ते बघा. ही तयारी नसताना काढलेलं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लागतं आणि पुढं काही होत नाही.

औषधी ज्ञान मोबाईलवर टाकू नका

रीलसाठी वैदूबाबाला झाडासमोर उभं करून "हे कशावर चालतं" विचारायचं बंद करा. कळकळीनं सांगतोय. एकदा ते बाहेर गेलं की परत येत नाही.

केरळमधल्या काणी लोकांचं उदाहरण माहीत असावं. अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांबरोबर वाट दाखवायला गेलेली काणी माणसं एक फळ खात होती आणि थकत नव्हती. त्यावरून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेनं "जीवनी" नावाचं औषध केलं, ते बनवायचा परवाना १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के रॉयल्टी ह्या बोलीवर कंपनीला दिला आणि त्यातला निम्मा भाग काणी समाजाला द्यायचं ठरलं, त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. जगभर ह्याचं कौतुक झालं. पण ट्रस्ट झाला तो माहिती देऊन झाल्यावर, बोलणी ज्या काळात चालली तेव्हा समाज म्हणून बोलायला कोणी नव्हतं, आणि हे ज्ञान देऊ नये म्हणणारे काणीही होते. आपण क्रम बदलायचा, आधी गावाची समिती आणि मग माहिती.

समिती म्हणजे जैवविविधता व्यवस्थापन समिती, २००२ च्या कायद्यानं ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, आणि व्यापारासाठी जैविक साधन न्यायला येणाऱ्याकडून ती शुल्कही घेऊ शकते. कागदावर ती तुमच्याकडं असेलच, सदस्य कोण आहेत ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) विचारा. लोक जैवविविधता नोंदवही करताना झाडाचं नाव, कुठं मिळतं, कमी होतंय का हे लिहा, पण औषधाचं प्रमाण आणि कृती उघड लिहायची का हे वैदूंना विचारूनच ठरवा.

पाहुणे बोलवायचे तर

पर्यटनातून पैसा पटकन दिसतो आणि त्रासही पटकन दिसतो. अकोले तालुक्यात पुरुषवाडीला काजव्यांच्या दिवसांत लोक जातात, गावातल्या घरात राहतात, तिथलंच जेवतात. धुळ्याच्या साक्री तालुक्यात बारीपाड्यानं जंगल राखलं आणि रानभाज्यांचा महोत्सव सुरू केला, तिथं बायका आपापल्या भाज्या रांधून मांडतात आणि बाहेरची माणसं जेवायला, शिकायला येतात, तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. रानभाजीचा महोत्सव मला सुरुवातीसाठी सगळ्यात चांगला वाटतो, खर्च कमी, देवाधर्माला हात लागत नाही, ज्ञान बायकांचं असतं आणि मान पण त्यांना मिळतो, आणि पावसाळ्यात जेव्हा घरात पैसा नसतो तेव्हाच तो होतो.

सणाला पाहुणे बोलवायचे का ह्याचा मात्र नीट विचार करा. सातपुड्यात काठी गावची होळी बघायला किती गर्दी लोटते ते सगळ्यांना माहीत आहे. तिथं मोरपिसांचा टोप घालून, घुंगरं बांधून जे नाचतात ते पाळणी पाळून आलेले असतात, ते व्रत असतं, फोटोसाठीचा वेश नव्हे. अशा ठिकाणी गावानं नियम आधीच मोठ्या फळ्यावर लिहायचे: कुठपर्यंत उभं राहायचं, कोणाला हात लावायचा नाही, ड्रोन नाही, दारू पिऊन आलात तर बाहेर, कोणाचा फोटो घ्यायचा तर विचारून. सणाची तारीख आणि वेळ पाहुण्यांच्या सोयीनं कधीच हलवायची नाही, शनिवार रविवार बघून तर अजिबात नाही. पाहुण्यासाठी तारपा वाजवायचा असेल तर तो वेगळा कार्यक्रम ठेवा, वाजवणाऱ्यांना मानधन द्या, आणि कोणत्या चाली त्या वेळी वाजवायच्या नाहीत ते म्हाताऱ्या तारपकऱ्याला विचारा.

पैसा गावात किती राहतो ते बघायला एक सोपी रीत आहे. एका पाहुण्यानं दिलेल्या पैशाचा शेवटपर्यंत माग काढा. समजा त्यानं १,५०० दिले. त्यात गाडीवाला शहरातला, बुकिंगवाला शहरातला, तांदूळ, तेल, बाटलीचं पाणी, प्लास्टिकच्या प्लेटा सगळं तालुक्याहून आणलेलं, तर गावात ३००-४०० पण उरत नाहीत. तेच तांदूळ आणि नागली गावातली, पत्रावळ पळसाची, जीप शेजारच्या पाड्यातल्या पोराची, वाटाड्या गावचा, भेट म्हणून नेलेली टोपली गावच्या बुरुडकामातली, तर हजाराच्या वर रक्कम आसपासच्या चार पाड्यांत फिरते, आणि ज्याच्या घरात पाहुणा उतरलाच नाही त्याला पण काहीतरी मिळतं. दर हंगामाला हा हिशोब फळ्यावर मांडा आणि बाहेर जाणारी एकेक गोष्ट गावात कशी आणता येईल ते बघा. सगळं आपल्याच गावात करायचा हट्ट नको, एका पाड्यात मुखवटे, दुसऱ्यात चित्र, तिसऱ्यात जेवण, असं वाटून घेतलं की भांडणं कमी आणि पाहुणा दोन दिवस थांबतो.

घरात पाहुणे ठेवायचे तर पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करून घ्या, संडास आणि पिण्याचं पाणी आधी नीट करा. रांग लावून पाळीपाळीनं घरं द्या, नाहीतर रस्त्याकडेच्या दोन पक्क्या घरांनाच सगळा धंदा जातो.

कोणत्या महिन्यात काम घ्यायचं

लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ऑर्डर घेऊ नका, सरळ सांगा की कार्तिकानंतर देतो. पैशाची खरी गरज आणि रिकामे हात दोन्ही एकदम येतात ते दिवाळीनंतर, जेव्हा मुकादम उचल घेऊन दारात उभा राहतो. ती उचल घेतली की माणूस पावसाळ्यापर्यंत गेला, पोरांची शाळा गेली, आणि बोहाड्याला किंवा होळीला नाचणाराच गावात राहिला नाही. म्हणून गटाच्या मोठ्या ऑर्डरचा अर्धा ॲडव्हान्स त्याच आठवड्यांत हातात पडेल असं वर्षाचं गणित बसवा. त्यासाठी दुकानदारांशी बोलणी भाद्रपद-आश्विनात व्हायला हवीत. किती रुपयांचा माल विकला ह्यापेक्षा ह्या वर्षी किती घरं भट्टीवर गेली नाहीत, हा आकडा मी तरी आधी विचारेन.

आलेल्या पैशाचं वाटप

करणाऱ्याची मजुरी आधी आणि पूर्ण. गटाच्या दहा टक्क्यांतून कच्चा माल, प्रवास, आणि एक भाग शिकवण्यासाठी बाजूला काढा. तारपा बनवणारी माणसं आता थोडी उरलीत, भोपळा वाळवणं, बांबूच्या नळ्या बसवणं, ताडाच्या पानाचा कर्णा करणं हे शिकायला वेळ लागतो आणि शिकवणाऱ्या आजोबांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो गटानं भरून द्यायचा. धवलेरींची गाणी, तशीच. ह्यातून लगेच उत्पन्न नाही, पण दहा वर्षांनी तुमच्याकडं विकायला जे काही असेल ते ह्याच शिकवण्यावर अवलंबून आहे. गावाच्या सणाला पण थोडा भाग द्या, ज्यांचा गटाशी संबंध नाही त्यांनाही वाटलं पाहिजे की ह्यात आपलं काही आहे.

हिशोब दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा, आकडे वाचता न येणाऱ्यांना समजतील अशा भाषेत.

कुठल्या ऑफिसात काय मिळतं

कारागीर ओळखपत्र, म्हणजे "पहचान" कार्ड, केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडून मिळतं, प्रदर्शनात स्टॉल मिळवायला ते लागतं, सगळ्यात आधी ते काढा. बांबू, टोपल्या, झाडू करणाऱ्यांनी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना बघा, त्यातल्या १८ व्यवसायांत ते बसतं, चित्रकार बसत नाहीत. डहाणू, जव्हार, तळोदा, धारणी, भामरागड असं जे तुमचं एकात्मिक आदिवासी प्रकल्प कार्यालय असेल तिथं प्रशिक्षण आणि साहित्यासाठी अर्ज करता येतो, कर्जासाठी नाशिकचं शबरी महामंडळ आहे, आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था हस्तकला प्रदर्शनं भरवते. पेसा ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी येतो, त्याचा आराखडा ग्रामसभेतच होतो, तर कलाकेंद्राची शेड, सोलर दिवे, माल ठेवायची कोरडी खोली हे त्यात मागा. जाताना ठरावाची प्रत, सभासदांची यादी, खात्याचं पासबुक आणि मालाचे चारपाच चांगले फोटो बरोबर ठेवा, एकटं जाऊ नका, गटातल्या दोन बायांना घेऊन जा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.